ठिपक्याचे स्थान आणि अटीचा अर्थ

लाल कापडात बांधलेली देशी नाम्याची वही ज्यांनी उघडून पाहिली आहे, त्यांना तिच्या पानांवरील सळ आठवत असतील. त्या वहीत छापील रेघा नसत. कागद उभा दुमडून घड्या पाडल्या जात आणि त्या घड्यांच्या खुणा हेच रकाने ठरत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. प्रत्येक बाजूचा पहिला सळ म्हणजे सिरा, त्यापुढील सळ म्हणजे पेटा. सिऱ्यात रक्कम येई आणि पेट्यात तिचा तपशील. कोणता आकडा मुख्य आणि कोणता त्याच्या पोटातला, हे सांगण्यासाठी मुनीमजींना वेगळे शब्द खर्चावे लागत नसत. ओळ कोठून सुरू झाली, एवढ्यावरून ते कळे. तपशील चुकून सिऱ्यात उतरला, तर बेरीज बिघडे आणि रात्री उशिरापर्यंत मेळ लागत नसे. म्हणून जागेची शिस्त ही अक्षराच्या वळणाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाची मानली जाई.

आज पेढीवरील बहुतेक कागद संगणकावर तयार होतात. दरपत्रक, उधारीच्या अटी, भागीदारीच्या कराराचा कच्चा मसुदा, विश्वस्त मंडळाच्या सभेची विषयपत्रिका, या साऱ्यांत मुद्द्यांची यादी असतेच. मुद्द्यापुढे ठिपका, त्याखाली थोडा आत सरकलेला उपमुद्दा, त्याखाली आणखी आत त्याची अट. सळ गेले, ठिपके आले. जागेने अर्थ सांगण्याची रीत मात्र तीच राहिली. फरक इतकाच, की घडी घातलेला कागद आपली खूण सहसा सोडत नसे आणि संगणकावरील यादी मात्र निष्काळजीपणे बांधली असेल, तर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाताना आपली जागा सोडते.

हे नुकसान केवळ दिसण्याचे नसते. एका घाऊक कापड पेढीचे उदाहरण कल्पावे. घरातील तरुण पुतण्या ग्राहकांना पाठवायचे अटीपत्रक तयार करतो. पहिला मुद्दा ‘घाऊक खरेदीदारांसाठी सवलती’. त्याच्या पोटात दोन उपमुद्दे: ‘वाहतूक खर्च पेढीकडे’ आणि ‘मालाच्या किमतीवर दोन टक्के सूट’. या दुसऱ्या उपमुद्द्याच्या पोटात एक अट: ‘देयक तीस दिवसांत चुकते झाल्यासच’. ही अट केवळ सुटीला लागू आहे, वाहतुकीला नाही, असे काकांनी सांगितलेले असते. पुतण्या ती ओळ आत नेण्यासाठी कळफलकावरील मोठी कळ, म्हणजे स्पेसबार, दहा-बारा वेळा दाबतो. त्याच्या पडद्यावर सारे यथास्थित दिसते.

दुकानातील संगणकावर तोच कागद उघडतो तेव्हा तेथे तो फॉन्ट नसतो. दुसऱ्या फॉन्टमधील मोकळी जागा अरुंद असते. अटीची ओळ डावीकडे येते आणि दोन्ही उपमुद्द्यांच्या रांगेत जाऊन बसते. आता ती कोणाचीच नसते किंवा सर्वांची असते. एक ग्राहक पंचेचाळिसाव्या दिवशी पैसे देतो आणि पाच लाखांच्या देयकातून दहा हजार रुपये सूट म्हणून वजा करतो. त्याच्या वाचनाप्रमाणे सूट बिनशर्त आहे. दुसऱ्या उशीर झालेल्या ग्राहकाच्या देयकात पेढीचाच कारकून वाहतूक खर्च लावतो. त्याच्या वाचनाप्रमाणे तीस दिवसांची अट वाहतुकीलाही आहे. ओळ एकच, वाचने दोन आणि दोन्ही प्रामाणिक. दहा हजार रुपये पुन्हा मिळवता येतात. ‘तुम्ही लिहून दिलेले फिरवता’ हा शब्द मात्र जुन्या ग्राहकाच्या मनातून सहज पुसला जात नाही.

अशा वेळी घरातील आजोबा तो कागद हातात घेतील आणि एकच प्रश्न विचारतील, ‘अरे, ही अट सिऱ्यातली की पेट्यातली?’ संगणकाचे ज्ञान नसलेल्या माणसाचा हा प्रश्न संगणकाच्या दृष्टीनेही अचूक आहे. कारण यादीची रचना करणारी प्रणाली नेमका हाच प्रश्न विचारते आणि लिहिणाऱ्याने त्याचे उत्तर दिले नाही, म्हणूनच घोटाळा होतो.

येथे दोन गोष्टींतील भेद नीट ध्यानी घ्यावा लागतो. एक म्हणजे मुद्द्याची पातळी आणि दुसरी म्हणजे त्याचे समासापासूनचे अंतर. पातळी ही रचना आहे: हा मुद्दा मुख्य, हा त्याच्या पोटातला, हा त्याच्याही पोटातला. अंतर हे त्या रचनेचे दृश्य रूप आहे. स्पेसबारने अंतराचा आभास निर्माण होतो, पण पातळी बदलत नाही. संगणकाच्या लेखी ती ओळ होती तेथेच राहते. पातळी बदलण्यासाठी ओळीच्या प्रारंभी, ठिपक्यानंतर लगेच, कर्सर ठेवून टॅब ही कळ दाबावी. मुद्दा एक पातळी आत जातो. शिफ्ट धरून टॅब दाबल्यास तो एक पातळी बाहेर येतो. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये अशा नऊ पातळ्या मिळतात, लिबरऑफिस रायटरमध्ये दहा. व्यापारी पत्रव्यवहारात तीनहून अधिक पातळ्यांची गरज पडली, तर बहुधा मजकुराचीच फेरमांडणी करणे श्रेयस्कर असते.

पातळी ठरल्यानंतर अंतराचा विचार करावा. ठिपक्याच्या यादीतील प्रत्येक ओळीला मुख्यतः दोन मापे असतात. समासापासून ठिपका किती आत, हे पहिले माप. समासापासून मजकूर किती आत, हे दुसरे. या दोहोंमधील फरक म्हणजे ठिपका आणि अक्षर यांमधील मोकळी जागा. मजकूर लांबून दुसऱ्या ओळीवर गेला, तर ती दुसरी ओळ ठिपक्याखाली न येता पहिल्या ओळीच्या अक्षराखाली यावी, यासाठीच दुसरे माप असते. इंग्रजीत यास हँगिंग इंडेंट म्हणतात. पहिली ओळ बाहेर डोकावते आणि उरलेल्या ओळी आत राहतात. त्यामुळे ठिपके एका उभ्या रेषेत मोकळे दिसतात आणि वाचणाऱ्याची नजर एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर न चुकता जाते.

वर्डमध्ये सर्वसाधारणपणे पहिल्या पातळीचा ठिपका समासापासून पाव इंचावर, म्हणजे सुमारे ०.६३ सेंटिमीटरवर असतो आणि मजकूर अर्ध्या इंचावर, म्हणजे १.२७ सेंटिमीटरवर सुरू होतो. पुढील प्रत्येक पातळी अर्धा इंच आत जाते. म्हणजे तिसऱ्या पातळीचा मजकूर दीड इंचावर येतो. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर, सुमारे सव्वाआठ इंच. दोन्ही बाजूंना एकेक इंच समास सोडला, तर मजकुरासाठी सव्वासहा इंच उरतात. त्यातून दीड इंच वजा झाल्यावर तिसऱ्या पातळीच्या ओळीस पावणेपाच इंचच मिळतात. इंग्रजीपुरते ते खपून जाते. पण मराठीतील लांब जोडशब्द, रकमा आणि अटी या अरुंद पट्टीत वारंवार तुटतात. म्हणून अनेक पातळ्यांच्या मराठी यादीत प्रत्येक पायरी अर्ध्या इंचाऐवजी पाव इंचाची ठेवली, तर कागद भरगच्च न होता सुटसुटीत दिसतो.

हा बदल करण्याची वर्डमधील रीत अवघड नाही. यादीतील एखाद्या ठिपक्यावरच एकदा माऊसने टिचकी मारावी. त्या पातळीचे सर्व ठिपके करड्या रंगात उठून दिसतात. मजकूर निवडण्याची आवश्यकता नसते. मग उजवी टिचकी मारून ‘अ‍ॅडजस्ट लिस्ट इंडेंट्स’ हा पर्याय घ्यावा. उघडणाऱ्या चौकटीत ‘बुलेट पोझिशन’ म्हणजे ठिपक्याचे स्थान आणि ‘टेक्स्ट इंडेंट’ म्हणजे मजकुराचे स्थान. दोन्ही मापे आकड्यांत भरता येतात. तिसरा पर्याय असतो तो ठिपक्यानंतर काय यावे याचा: टॅब, एक मोकळी जागा किंवा काहीच नाही. तेथे टॅब ठेवणे हिताचे, कारण मोकळी जागा ठेवल्यास पहिल्या ओळीचे अक्षर आणि खालच्या ओळींचे अक्षर एका रेषेत येईलच असे नाही. अनेक पातळ्यांची यादी असल्यास याच मार्गाने मोठी चौकट उघडते. तिच्यात डावीकडे पातळीचा क्रमांक निवडून प्रत्येक पातळीची मापे स्वतंत्रपणे भरावी लागतात किंवा ‘सेट फॉर ऑल लेव्हल्स’ या बटणाने सर्व पातळ्यांची पायरी एकदम ठरवता येते.

दुसरी रीत पानाच्या वर दिसणाऱ्या मोजपट्टीची, म्हणजे रूलरची. ती दिसत नसेल, तर ‘व्ह्यू’ या विभागात रूलरपुढे खूण करावी. पट्टीच्या डाव्या टोकाशी तीन लहान खुणा असतात. वरचा, खाली तोंड केलेला त्रिकोण पहिल्या ओळीची जागा ठरवतो. यादीत ती ठिपक्याची जागा होय. खालचा, वर तोंड केलेला त्रिकोण उरलेल्या ओळींची, म्हणजे मजकुराची जागा ठरवतो. त्याखालील लहान चौकोन ओढला, तर दोन्ही एकत्र सरकतात आणि त्यांच्यातील अंतर कायम राहते. पट्टीने काम झटपट होते. मात्र ते निवडलेल्या परिच्छेदांपुरतेच असते. तीस मुद्द्यांपैकी सात मुद्दे हाताने सरकवले आणि उरलेले राहिले, असा प्रकार यातूनच घडतो. म्हणून एखाद्या चिठ्ठीपुरती पट्टी पुरेशी आहे. जो कागद वर्षानुवर्षे वापरायचा, त्यासाठी आकड्यांची चौकटच बरी.

लिबरऑफिस रायटर हे विनामूल्य मिळणारे साधन अनेक लहान पेढ्या वापरतात. त्यात ‘फॉरमॅट’मधील ‘बुलेट्स अँड नंबरिंग’ उघडून ‘पोझिशन’ या भागात गेले, की प्रत्येक पातळीसाठी ‘अलाइन्ड अ‍ॅट’ हे ठिपक्याचे आणि ‘इंडेंट अ‍ॅट’ हे मजकुराचे स्थान दिसते. गूगल डॉक्समध्ये ‘फॉरमॅट’, त्यातील ‘अलाइन अँड इंडेंट’ आणि त्यातील ‘इंडेंटेशन ऑप्शन्स’ असा मार्ग आहे. नावे वेगळी असली, तरी मूळ मापे तीच दोन: ठिपका कोठे आणि अक्षर कोठे.

ठिपक्यांऐवजी क्रमांक असतील, तर आणखी एक अडचण उद्भवते. ‘९.’ पर्यंत यादी सरळ रेषेत येते आणि ‘१०.’ पासून मजकूर एकदम पुढे उडी मारतो. याचे कारण साधे आहे. क्रमांक आणि मजकूर यांच्यासाठी राखलेली जागा एका अंकापुरती असते. दोन अंक आणि टिंब तीत मावले नाहीत, की टॅब पुढच्या थांब्यावर जाऊन थांबतो. पुष्कळ जण येथेही स्पेसबारचा आधार घेऊन एकेक ओळ मागेपुढे करतात. त्याऐवजी मजकुराचे माप थोडे वाढवले, म्हणजे दहाव्या क्रमांकासही जागा मिळते आणि सर्व ओळी आपोआप एका रेषेत येतात.

आणखी एक सामान्य चूक म्हणजे एकाच मुद्द्यात नवी ओळ सुरू करण्यासाठी एंटर दाबणे. त्यामुळे नको असलेला नवा ठिपका उगवतो. तो खोडला, की ओळ समासाकडे धावते आणि मग पुन्हा स्पेसबार. अशा वेळी शिफ्ट धरून एंटर दाबावे. नवी ओळ त्याच मुद्द्यात, मजकुराच्याच रेषेत सुरू होते. दुकानाचा पत्ता, बँकेचा तपशील किंवा मालाचे वर्णन दोन-तीन ओळींत द्यायचे असेल, तेव्हा ही युक्ती फार उपयोगी पडते. जुन्या कागदात कोणी काय दाबून ठेवले आहे याचा छडा लावायचा असल्यास, ‘होम’ विभागातील उलट्या पी-सारख्या चिन्हावर टिचकी मारावी. मोकळ्या जागा बारीक टिंबांच्या रूपात, टॅब बाणांच्या रूपात आणि परिच्छेदाचा शेवट त्या चिन्हाच्या रूपात दिसू लागतो. ओळीच्या प्रारंभी टिंबांची रांग दिसली, तर तो मुद्दा आपल्या जागी नाही, केवळ तसा दिसतो, असे समजावे. ती टिंबे पुसून टॅबने योग्य पातळी द्यावी.

एकदा मनाजोगती मापे ठरली, की ती प्रत्येक कागदात पुन्हा भरत बसण्याचे कारण नाही. वर्डमध्ये ‘लिस्ट बुलेट’, ‘लिस्ट बुलेट २’, ‘लिस्ट बुलेट ३’ अशा तयार शैली असतात. त्यांतील मापे एकदा बदलून तो कागद साचा, म्हणजे टेम्प्लेट, म्हणून जतन करावा. पुढे पेढीतील कोणीही नवे पत्रक त्या साच्यातूनच काढावे. वडील, मुलगा आणि कारकून या तिघांच्या हातून निघालेल्या कागदांची मांडणी एकसारखी राहते आणि तीच पेढीची ओळख बनते. पूर्वी एकाच घराण्याच्या वह्यांमधील सळ पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीने पाडलेले असत, त्यामागील हेतूही हाच होता. वाचणारा बदलला तरी वाचन बदलू नये.

कागद पाठवतानाही थोडी दक्षता हवी. ज्यात समोरच्याने काही बदल करायचा नाही, असे अटीपत्रक किंवा दरपत्रक पीडीएफ स्वरूपात पाठवावे. त्यात फॉन्ट सामावून घेता येतो आणि ओळींच्या जागा ठरल्याप्रमाणे राहतात. तोच मजकूर उचलून मोबाइलवरील संदेशात चिकटवला, तर पातळ्यांची रचना बहुधा मोडते आणि मुद्दे, उपमुद्दे व अटी एकाच रांगेत येऊन उभ्या राहतात. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये लिहिलेले जुने कागद दुसऱ्या यंत्रावर उघडले, तर अक्षरेच ओळखू येत नाहीत, मग अंतराची काय कथा! म्हणून जुने महत्त्वाचे मसुदे युनिकोडमध्ये आणून, यादी नव्याने बांधून ठेवणे हे एका निवांत दुपारचे काम आहे, पण ते पुढची अनेक वर्षे उपयोगी पडते. पडद्यावरील मजकूर ऐकून काम करणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींनाही याचा लाभ होतो. खरी यादी असेल, तर वाचून दाखवणारी प्रणाली ती यादी म्हणून ओळखू शकते. मोकळ्या जागांनी रचलेला आभास तिला ओळखता येत नाही.

इतके सारे केल्यावरही एक गोष्ट उरते आणि ती संगणकाच्या कक्षेबाहेरची आहे. त्या कापड पेढीत आजोबांचा प्रश्न ऐकून पुतण्या म्हणेल, ‘आजोबा, आता टॅबने ती ओळ बरोबर पेट्यात बसवली आहे. पुन्हा सरकणार नाही.’ त्यावर आजोबा वहीचे एखादे जुने पान उलगडून दाखवतील. पेट्यातील तपशिलापुढे मुनीमजींनी तो कोणत्या व्यवहाराचा, हे जागेच्या भरवशावर न सोडता दोन शब्दांत लिहिलेले असेल. घडी पुसट झाली, कागद दमट हवेने सरळ झाला, तरी नोंदीचा अर्थ पुसट होऊ नये, ही त्यामागची दूरदृष्टी.

अटीपत्रकातही तेच करावे. ‘देयक तीस दिवसांत चुकते झाल्यासच’ एवढे अर्धे वाक्य आत सरकवून ठेवण्यापेक्षा ‘दोन टक्के सूट केवळ तीस दिवसांत देयक चुकते करणाऱ्यास मिळेल, वाहतूक खर्चास ही अट लागू नाही’ असे पूर्ण वाक्य लिहावे. ज्या मुद्द्याचा पुढे पत्रव्यवहारात उल्लेख होण्याचा संभव आहे, त्यापुढे ठिपक्याऐवजी क्रमांक द्यावा. ‘वरून चौथा ठिपका’ असे म्हणण्यापेक्षा ‘अट २ (आ)’ असे म्हणणे दोन्ही पक्षांना सोयीचे. भागीदारीचा करार, वाटणीपत्र किंवा विश्वस्त संस्थेचा ठराव यांसारख्या कागदांत तर केवळ ओळीच्या जागेवर अर्थ सोपवणे टाळावेच. भावाभावांत पुढे वाद उद्भवला, तर तो मसुदा टंकित करणारा हात तेव्हा समजावून सांगायला जवळ असेलच असे नाही.

जागेची शिस्त आणि शब्दांचा नेमकेपणा या दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक आहेत. शब्द नेमके असले, तरी मांडणी विस्कळीत असेल, तर घाईत वाचणारा ग्राहक ते शब्द चुकीच्या जागी जोडतो. मांडणी नीट असली, तरी शब्द अपुरे असतील, तर एका यंत्रावरील बिघाड साऱ्या अर्थाला घेऊन बुडतो. पेढीवर कागद तयार झाला, की पाठवण्यापूर्वी तो दुसऱ्या एका संगणकावर किंवा मोबाइलवर उघडून पाहावा आणि घरातील ज्याने तो लिहिलेला नाही अशा व्यक्तीस वाचावयास द्यावा. तिला प्रत्येक अट कोणत्या सवलतीची, हे न विचारता सांगता आले, तर तो कागद बाहेर जाण्यास योग्य झाला. रात्री वही मिटण्यापूर्वी शिल्लक पडताळून पाहण्याची जी सवय व्यापारी घरांत लहानपणापासून लागते, तिचेच हे नवे रूप आहे. त्यास फार वेळ लागत नाही; न केल्यास मात्र कधीतरी दहा हजारांची वजावट आणि एक जुना स्नेह यांचा हिशोब जुळवत बसावे लागते.